मुंबई–न्यू यॉर्क: किलोमीटर तेवढेच, तास वेगळे

ताई, तुम्ही मांडलेलं गणित बरोबर आहे, तरी उत्तर जुळत नाही, हे मी आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय की मुंबई ते न्यू यॉर्क 12,550 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे 14 तास व्हायला हवेत. मग तिकिटावर जाताना 16 तास आणि येताना साडेचौदा, असं का? जाताना त्याच दिवशी सकाळी पोचायचं आणि येताना मात्र तारीख बदलते, ती कशी? आणि शेवटी खरी काळजी: फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचं, जुलैत परत यायचं, यजमानांचे गुडघे दुखतात. मग थेट विमान घ्यावं की मध्ये उतरावं?

मी 26 वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि अडचण आली तर उतरायचे विमानतळ ठरवायचे, आणि वैमानिकाबरोबर त्या कागदावर सही करायची, हे माझं काम. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचाच आहे.

आधी तो 12,550 चा आकडा. दोन विमानतळांमधलं गोल पृथ्वीवरचं सगळ्यात जवळचं अंतर एवढाच त्याचा अर्थ. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यू यॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्राकडे जाणारच नाही. मुंबईहून उत्तर-वायव्येला निघून बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जरा उत्तरेकडून फिनलंड, नॉर्वे, मग आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडातलं लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यू यॉर्क, असा तो लागेल. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत तर ती सौदी अरेबिया आणि सहारा वाळवंटावरून जाते. दिसायला तीच सरळ, पण तिची लांबी भरते सुमारे 14,200 किलोमीटर, म्हणजे साडेसोळाशे जास्त. "अमेरिकेला जायला इतकं वर बर्फात कशाला नेतात?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी दोराच ताणायला सांगत आलो आहे.

पण दोऱ्याची वाट विमानाला जशीच्या तशी जवळजवळ कधीच मिळत नाही. खाली देश आहेत, आणि प्रत्येक देशाच्या आकाशाला दार आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यावर उघडलं. एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं आणि नंतर महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. याचा मार दिल्लीला जास्त बसला. तिथल्या विमानांना पश्चिमेला जाण्यासाठी आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्र गाठावा लागला, आणि उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. मुंबईला समुद्र दारातच असल्यामुळे वळसा त्यामानाने कमी. दोऱ्याच्या वाटेवरचा पुढचा मोठा तुकडा रशियाचा. 2022 पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना तो बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्ष सुरू झाला त्या सकाळी मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान काही तासांनी मुंबईतच परत उतरलं. आतल्या प्रवाशांनी किती किलोमीटर प्रवास केला म्हणायचं?

म्हणून हिशेबाला आपण 12,550 नको, 13,000 धरू. आता वारा.

विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं, आणि हवा स्वतःच वाहत असते. तुमचं ताशी 900 हे हवेच्या मानाने. होडीचं उदाहरण घ्या. कृष्णेला पाणी असताना वल्हवणाऱ्याचा जोर तोच असतो, पण हरिपूरकडून वर सांगलीला यायला वेळ लागतो आणि खाली जाताना होडी आपसूक निघते. साधारण 30 ते 40 हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात अटलांटिकवर तो वारा ताशी 200-250 किलोमीटरच्या पुढेही जातो. फेब्रुवारी 2020 मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यू यॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी त्याच प्रवासाला सहा तासांच्या पुढे लागतात. इंजिनं तीच होती, पाठीमागून वाऱ्याने ढकललं.

आता तुमच्या वाटेवर सरासरी ताशी 50 किलोमीटरचा वारा धरा. जाताना तो समोरून: 13,000 भागिले 850, म्हणजे 15 तास 18 मिनिटं. येताना पाठीमागून: 13,000 भागिले 950, म्हणजे 13 तास 41 मिनिटं. दीड तासाच्या वरचा फरक इथेच निघाला. तुम्ही गणिताच्या बाई होतात असं लिहिलंय, म्हणून एक गंमत सांगतो. जाताना गमावलं ते येताना भरून निघतं असं वाटतं, तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून 28 तास 53 मिनिटं झाली असती, वाऱ्यासकट 28 तास 59 होतात. वारा 150 चा करून बघा, बेरीज 29 तास 43 मिनिटांवर जाते. कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेले असतो, सोबतीच्या वाऱ्यातून लवकर सुटतो.

माझ्या टेबलावरचा फ्लाइट प्लॅन म्हणजे लांबच लांब छापील पट्टी, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणारी. वाटेतला प्रत्येक बिंदू एका ओळीत: तिथली उंची, तापमान, उरलेलं इंधन, आणि वाऱ्याच्या रकान्यात एम 052 किंवा पी 078 असं काहीतरी. एम म्हणजे मायनस, वारा तोंडावर. पी म्हणजे प्लस, वारा पाठीवर. आकडा नॉटमध्ये, एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. पट्टी हातात आली की मी बाकी काही वाचायच्या आधी त्या रकान्यावरून बोट खाली नेत असे. सगळे एमच एम दिसले की रात्र जड जाणार हे कळायचं.

अशी एक रात्र सांगतो. मे महिना, मुंबईहून अमेरिकेला थेट जाणारं विमान, पोटात देवगड हापूसच्या पेट्या. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते, 2007 पासून ही निर्यात सुरू आहे, आणि त्या पेट्यांमागे शेतकऱ्याचा अख्खा हंगाम असतो हे मला कोकणातला माणूस म्हणून नीट ठाऊक होतं. संध्याकाळच्या प्लॅनमध्ये सगळं बसत होतं. रात्री अकराला नवे वारे आले आणि प्रवास 24 मिनिटांनी वाढला. मोठं दोन इंजिनांचं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं, म्हणजे 24 मिनिटांना तीन टन. पण ते तीन टन घ्यायचे तर ते वाहून न्यायलाही इंधन लागतं. ठोकताळा असा की नेलेल्या जादा वजनाचा तीन-चार टक्के भाग दर तासाला जळतो. पंधरा तासांच्या प्रवासात तीन टन शेवटी हातात हवे असतील तर सुरुवातीला साडेचारच्या पुढे भरावे लागतात. विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन आधीच गाठलेलं, त्यात मुंबईची गरम, पातळ हवा. कॅप्टन माझ्या खांद्यावरून कागद बघत होते, त्यांनी फक्त विचारलं, "काय उतरवायचं?" प्रवासी उतरवत नाहीत, त्यांचं सामान उतरवत नाहीत. पेट्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानाने गेल्या, पण हापूसचा एक दिवस म्हणजे काय हे कोकणात कोणालाही विचारा. तिकिटावर त्या दोन शहरांमधलं अंतर त्या रात्री एक किलोमीटरही बदललं नव्हतं.

वाऱ्यासाठी मुद्दाम लांबची वाट धरतात, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने या विमानाची दिशाच उलटी केली. आधी ते पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. मग ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं: 15,300 किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी जवळजवळ दोन तास आधी, साडेचौदा तासांत पोचलं, कारण सगळी वाट वारा पाठीशी. तुमच्या न्यू यॉर्कला ही युक्ती परवडत नाही, पूर्वेकडून ते फार दूर पडतं.

एक समज मात्र मनातून काढून टाका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते म्हणून न्यू यॉर्क 'समोरून येतं' किंवा 'पळून जातं', असं बरेच जण सांगतात. तसं काही नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि तुम्हीही. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो जेट स्ट्रीमला पूर्वेकडे वळवण्यात, तेवढाच.

वाट ठरवताना आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी तिकीट काढणाऱ्याला कधीच दिसत नाही: अडचण आली तर उतरायचं कुठे. दोन इंजिनांच्या विमानाला सतत कुठल्या तरी योग्य विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या आत राहावं लागतं. अटलांटिकवर ती ठिकाणं म्हणजे आयर्लंडमधलं शॅनन, आइसलंडचं केफ्लाविक, कॅनडातली गूज बे आणि गँडर. त्या रात्री केफ्लाविकला बर्फाचं वादळ असेल तर अख्खी वाट खाली सरकते. जून 2023 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरवलं, 216 प्रवाशांसह. मगदान कुठे आहे हे त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदा नकाशात शोधलं. आमच्या कागदावर ते नाव उड्डाणाआधीपासून असतं.

अति थंडीचाही हिशेब असतो. आपल्याकडे भरतात त्या इंधनाचा गोठणबिंदू उणे 47 अंश. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मिळतं त्याचा उणे 40. म्हणजे येतानाचं इंधन लवकर गोठणारं. उत्तरेकडची हवा उणे 65-70 पर्यंत उतरली तर पंखांतलं इंधनही हळूहळू गार होत जातं, आणि मग विमान खाली आणायचं, वेग वाढवायचा किंवा वाट दक्षिणेला न्यायची, यातलं काहीतरी करावं लागतं. त्यातही मिनिटं जातात.

आता तुमचे 16 तास. वर काढलेले 15 तास 18 मिनिटं हे आकाशातले. तिकिटावरचा वेळ असतो चॉक्स ते चॉक्स, म्हणजे मुंबईत चाकांखालचा ठोकळा काढल्यापासून न्यू यॉर्कला तो परत लावेपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि मध्यरात्रीनंतर परदेशी जाणाऱ्या विमानांची रांग लागते. न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळावरही जमिनीवर बराच वेळ जातो. त्यात वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो. हे सगळं धरून 16. कंपनी वर्षभराच्या वाऱ्यांची सरासरी बघून, थोडी सैल वेळ ठेवून तो आकडा छापते. म्हणून कधी विमान चाळीस मिनिटं 'लवकर' येतं. ते घाईने आलेलं नसतं, त्या रात्री वारा मऊ होता एवढंच.

तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे. फेब्रुवारीत जाताना वारा सगळ्यात जोरात असतो, तो तुमच्या तोंडावर. जुलैत येताना तो मंद झालेला आणि उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून पाठीवरची मदत कमी मिळेल. येतानाचा आकडा साडेचौदाच्या थोडा वर गेला तर नवल वाटू देऊ नका.

घड्याळाचं कोडं याहून सोपं आहे, फक्त एका जागी लोक फसतात. हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, मग फरक साडेनऊ तासांचा राहतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणजे तुमचा जातानाचा आणि येतानाचा फरक एक नाही. समजा फेब्रुवारीत रात्री दीडला मुंबई सोडली. 16 तासांनी आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच. त्यातून साडेदहा तास वजा करा: न्यू यॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे सात. जुलैत दुपारी बाराला न्यू यॉर्क सोडलं, साडेचौदा तास प्रवास, तिथल्या घड्याळात रात्रीचे अडीच, त्यात साडेनऊ मिळवले की मुंबईत दुसऱ्या दिवशीचे बरोबर दुपारचे बारा. दिवस कुठे हरवत नाही, जाताना उसना घेतलेला असतो तो परत दिला जातो. विमानतळावरच्या सगळ्या वेळा नेहमी स्थानिक असतात, म्हणून दोन वेळांची सरळ वजाबाकी कधी करू नका.

आणि कृपा करून तिकिटावरची तारीख नीट वाचा. '15 तारीख, 01:30' म्हणजे तुम्ही 14 च्या रात्री साडेनऊ-दहापर्यंत विमानतळावर असायला हवं. पंधराला रात्री सामान घेऊन आलेली, चोवीस तास उशिरा पोचलेली कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यातली बरीचशी बाहेरगावची. सांगलीहून तुम्हाला सात-आठ तास लागणार, घाटात अडकलात तर जास्त. 14 ला सकाळी निघा, दुपारवर टाकू नका. तिकिटावर विमानतळाचं नावही बघा, कारण डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे.

आता थेट की थांबा. बहुतेकांना वाटतं मध्ये उतरलं की वाट खूप लांबते. आकडे बघा. मुंबई–लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, लंडन–न्यू यॉर्क 5,540. बेरीज 12,740. थेट अंतरापेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त, सांगली-पुण्याएवढेही नाहीत! दुबईवरून गेलात तर सुमारे 12,950. म्हणजे थांब्याने किलोमीटर वाढत नाहीत. वाढतात ते तास: खाली उतरणं, तपासणीची रांग, दुसऱ्या विमानाची वाट बघणं, पुन्हा वर चढणं. दोन तासांच्या थांब्याने एकूण प्रवास तीन-साडेतीन तासांनी वाढतो असं धरून चाला.

यजमानांच्या गुडघ्यांसाठी माझं मत थांब्याच्या बाजूने आहे. सोळा तास एका जागी बसण्यापेक्षा आठ-नऊ तासांनी उतरून चालणं बरं, आणि त्या हिशेबाने युरोपातला थांबा आखातातल्यापेक्षा चांगला. आखातात तीन तासांतच उतरायचं आणि मग उरलेले चौदा तास एकदम, त्यात गुडघ्यांना काय मिळालं? फक्त थांबा तीन तासांचा तरी घ्या, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पहिलं उशिरा आलं तर पुढचं बसवून देणं कंपनीच्या अंगावर राहतं, आणि त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकीट काढण्याआधी विचारा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, संकोच करू नका, चालता येत असलं तरी. मोठ्या विमानतळांवर दोन दारांमधलं अंतर एक किलोमीटरच्या पुढे असतं. लांब प्रवासात पायांना सूज येण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

थेटच घेतलंत तर जागा कडेची, मधल्या रस्त्याला लागून घ्या, खिडकीचा मोह सोडा.

उतरायचं कुठे, तेही लेकीला विचारून ठरवा. न्यू यॉर्कचं केनेडी आणि न्यू जर्सीचं न्यूअर्क ही दोन विमानतळं आकाशातून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर आहेत, पण मध्ये सगळं शहर, पूल आणि नद्या. वर्दळीच्या वेळी तेवढ्याला दोन तास सहज जातात. लेक न्यू जर्सीत असेल तर न्यूअर्कला उतरणाऱ्या विमानासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या.

समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा. त्यात 'ग्राउंड स्पीड' म्हणून आकडा येतो. जाताना तो 820-850 च्या आसपास दिसेल, जुलैत येताना 930-950. तोच माझा एम आणि पी. आणि जावईबापूंना सांगा की विमान उतरल्याचं फोनवर दिसल्यावर घरातून निघा. इमिग्रेशनची रांग आणि सामान धरून तुम्हाला बाहेर यायला तास-दीड तास लागेल, तेवढ्यात ते आरामात पोचतील.